दोन इंजिनांचं ॲव्हरेज

१२ नोव्हेंबर, बुधवार

जिंकले! दोनशे चोवीस! अफजलचं दोनशे. नुसतं दोनशे!

केसात खाणीची धूळ तशीच आहे. आई ओरडतेय, आधी आंघोळ कर. म्हटलं थांब गं, आधी लिहू दे.

सकाळी अफजलचं इथेनॉलवालं रॉकेट-इंजिन पेटवलं, दुपारी माझं रॉकेलवालं. जागा तीच, गंगापूर रस्त्याची बंद पडलेली दगडखाण. लोखंडी मांडणी तीच, टाक्या त्याच, काटा तोच. दोन्हींत जळायला सोबत थंडगार द्रव ऑक्सिजन. टाक्या काट्यावरच उभ्या. पेटवायच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, मधला फरक म्हणजे इंजिनानं खाल्लेलं. दिलेला धक्का भागिले खाल्लेलं. संपला विषय.

अफजलचं जरा लवकरच विझलं. थरथर फार वाढली की आपोआप बंद पडतं, तसं झालं. पण आकड्याला त्यानं फरक पडत नाही. कमी चाललं तर कमी खाल्लं, हिशोब तोच.

खाणीवर राखण करणारा कडुबा कानातला कापूस काढत आला. "ताई, ॲव्हरेज किती देतं हो हे?" वाळूजच्या आसपास कुठल्याही यंत्राला हाच पहिला प्रश्न! त्याला सांगितलं, एक किलो इंधनात एक किलोचा धक्का जेवढे सेकंद टिकतो, ते ह्याचं ॲव्हरेज. माझ्याचं दोनशे चोवीस. "लिटरला सव्वादोनशे? लई भारी की!" म्हणाला. मी दुरुस्त नाही केलं. आज कुणाचंच काही दुरुस्त करायचं नव्हतं मला.

अफजलनं भागाकार पुन्हा करायला लावला. केला. तेच आलं. "मुबारक हो मॅडम" म्हणाला आणि डबा न उघडताच टेम्पोत जाऊन बसला. वाईट वाटलं. पण थोडंच. खोटं कशाला लिहू?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अफजल आला नाही. ताप आहे म्हणे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तात्यासाहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. तात्यासाहेब म्हणजे आमचे मालक. आयुष्यभर ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटा केल्या. एकदा श्रीहरिकोट्याला उड्डाण बघून आले आणि डोक्यात खूळ घेऊनच आले! प्रेस शॉपमधून आम्हा दोघांना उचललं आणि मागच्या शेडमध्ये बसवलं — करा इंजिन. आता बेंगळुरूची कंपनी घ्यायला तयार आहे. पण एकच.

"पोरी, तुझं रॉकेलचं जाईल." मग अफजलकडे वळले. "आणि तू कुठं जात नाय. नंदिनीच्या जोडीला बस. दोघं मिळून एकच करा, झकास करा."

मला बरंच वाटलं खरं. अफजलशिवाय शेड कशी असते तेच मला माहीत नाही. आठ वर्षं शेजारी टेबल! पण हा उठूनच उभा राहिला.

"नाय तात्यासाहेब. माझ्या हिशोबानं दोनशे वीस यायला पायजे होता. आला दोनशे. वीस गेले कुठं, मला सांगता येत नाय. ज्याला स्वतःचं इंजिन कळत नाय, त्यानं दुसऱ्याच्याला हात लावू नाय."

बाहेर आल्यावर मी चिडले. म्हटलं, एवढं नाटक कशाला? हरलास तर हरलास, मी हरले असते तर रडले असते का? तो म्हणाला, "हारने का ग़म नहीं गं. मला वाटत होतं मला येतं. ते येत नाय, एवढंच." आणि प्रेस शॉपकडं चालायला लागला. तिकडंच बदली मागितली त्यानं.

रडले असते मी. नक्की रडले असते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आईनं अख्ख्या गंगापूरला फोन केलेत. मावशी विचारते, "रॉकेट सोडलंस म्हणे? कुठं पडलं गं?" हसून हसून पोट दुखलं. आई मात्र गंभीर. तेहतिशी उलटली, लग्न नाही, पोरगी लोखंडात हात काळे करते म्हणून नावं ठेवणाऱ्या सगळ्यांना तिनं एकेक करून फोन लावला. ऊर भरून आलाय तिचा. बघवत नाही आणि नजरही हटत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काय करू आता. काय करू!

बेंगळुरूवाल्यांना दाखवायला व्हिडिओ कापत बसले होते. आधी माझं इंजिन. ज्वाळा विझली, मी दोरी ओढून झडप उघडली, टाकीतून पांढरी वाफ भस्सकन आली आणि संपली. मग सहज अफजलचं लावलं. ज्वाळा विझली. झडप उघडली. पांढरी वाफ आली. येतच राहिली. कडुबा चौकटीत आला, मफलर नीट बांधला, बाटलीतून पाणी प्याला, बिडी पेटवायला गेला तर कुणीतरी त्याला हाकललं — मागं वाफ चालूच!

आमचा नियम आहे. आग विझली की टाकीत उरलेला ऑक्सिजन आधी हवेत सोडून द्यायचा. तोवर कुणी जवळ फिरकायचं नाही. काटा जवळ जाऊनच वाचावा लागतो, म्हणून वजन त्यानंतर. हा नियम अफजलनंच घातला. दोन वर्षांमागं त्याच ऑक्सिजननं मनगटाची कातडी सोलून निघाली होती त्याच्या. शेडच्या दारावर मराठीत आणि उर्दूत त्यानंच रंगवलाय.

माझं इंजिन टाकी कोरडी होईस्तोवर चाललं. सोडून द्यायला काही उरलंच नव्हतं. त्याचं लवकर बंद पडलं, टाकीत बराच ऑक्सिजन शिल्लक होता. तो सगळा हवेत गेला. आणि मी लिहिलं — इंजिनानं खाल्ला!

वाटेत गाडीची टाकी उलटी करून पेट्रोल ओतून द्यायचं आणि वर म्हणायचं, गाडी लई पेट्रोल पिते. तेच केलं मी. झडपसुद्धा माझ्याच हातानं उघडली. अफजल तेव्हा भिंतीआड थरथरीचे आकडे बघत बसला होता, त्याला वाफ दिसलीच नाही.

किती गेला असेल? मोजलाच नाही कुणी. वाफेवरून अंदाज बांधला. त्याचा खरा आकडा दोनशे पंधराही असेल, दोनशे तीसही असेल. दोनशे तीस असला तर तोच पुढं. आई जेवायला बोलावतेय, भूक नाही म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फोन हातात घेतला. अफजलचं नाव काढलं. ठेवून दिला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बेंगळुरूचे आले. दोघं होते, पोरसवदाच. माझ्या इंजिनाभोवती फिरून फिरून फोटो काढले. मला "मॅम, मॅम" करत होते. तात्यासाहेबांनी इमरती मागवली होती.

मी स्वतःला सकाळपासून समजावत होते. मी कुठं काय चोरलं? नियम त्याचा. काटा त्याच्यासमोर वाचला. भागाकार दोनदा केला. डोळे त्यालाही आहेत की! आणि खरा आकडा कुणालाच माहीत नाही, मलाही नाही. मग सांगायचं तरी काय?

तेवढ्यात त्यातल्या एकानं विचारलं, दुसऱ्या इंजिनाचा आकडा एवढा कमी का? आणि मी फटकन बोलले, "इथेनॉल आहे ना. रॉकेलपेक्षा कमीच येणार."

कमी येतो हे खरं. एवढा कमी येत नाही, हे शेडमधल्या मांजरालाही माहीत असेल. आजवर मी फक्त गप्प होते. आज तोंडानं खोटं बोलले. इमरतीचा तुकडा कागदात गुंडाळून टाकला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जुमा. नमाजहून येताना अफजल शेडमध्ये डोकावला. गावाकडचं, पिशोरच्या शेतातलं आलं आणलं होतं, ओलं, मातीसकट. "आईला दे, चहात घालंल." बसला. आपल्या टेबलावर नाही, पत्र्याच्या डब्यावर. पाहुण्यासारखा!

त्याच्या बायकोचा, निलोफरचा भाऊ सौदीत दम्मामला असतो. तिथल्या ऑक्सिजन प्लांटवर जागा आहे, चालवायला आणि देखभालीला. दोन वर्षांचा करार. निलोफर इथंच राहणार.

"तू सांग. जाऊ का?"

मला विचारलं त्यानं. मला! वाक्य ओठांवर होतं. अफजल, वीस कुठं गेले ते मला माहीत आहे. एवढंच म्हणायचं होतं. आणि मी काय म्हणावं? "बघ बाबा, तिकडं चांगलं जमत असेल तर..."

तो हसला. "हौ. तूच म्हणतीस तर बघतो."

तूच म्हणतीस तर! जीभ झडली का नाही माझी तेव्हा.

३ डिसेंबर, बुधवार

अफजलनं राजीनामा दिला. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता तुंबला होता म्हणून मी उशिरा पोहोचले, तोवर सही झाली होती. वेळेवर पोहोचले असते तरी काय दिवे लावले असते?

६ डिसेंबर, शनिवार

अफजलच्या घरी दुपारचं जेवण. निरोपाचं. नान-खलिया. निलोफर वाढत होती. माझ्याहून लहान आहे, मला बाजी म्हणते. अफजल दही आणायला खाली गेला तशी ती जवळ येऊन बसली.

"बाजी, ह्यांचं चुकलं काय ते तुम्हीच सांगा ना. जेवताना तेच, चालताना तेच. बोलती मैं, छोडो अब. तर म्हणतात, वीस कुठं गेले तेवढं कळू दे. वहाँ जाके भी यही करेंगे. तुम्ही समजावलं तर ऐकतील. तुमचं लई मानतात."

मी नानचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. बोलावं लागू नये म्हणून! आणि मान हलवली. ती बिचारी समजली, खलिया आवडला. आणखी वाढला.

लाज वाटते लिहायला. तरी लिहितेय, कारण हे दुसरं कुणाला सांगायची हिंमत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

उद्या सांगायचं. बस सुटायच्या आत. ठरलं.

९ डिसेंबर, मंगळवार

गेला.

मुंबईची बस संध्याकाळची होती. मी वेळेआधी जाऊन उभी. पिशोरहून त्याचे वडील, चुलते, सगळे जीप भरून आलेले. त्याच्या आईनं त्याच्या दंडावर प्रवासाचा तावीज, इमाम-जामिन बांधला. सगळे रडत होते. निलोफर रडत नव्हती, ती बॅगांना कुलपं लावत होती. मी दोनदा पुढं झाले. दोनदा कुणीतरी गळ्यात पडलं त्याच्या.

शेवटी तोच आला. "चल. इंजिन संभाल. तात्यासाहेबांना गोळ्या घ्यायची आठवण देत जा."

मी म्हटलं, "अफजल, एक सांगायचं होतं."

"बोल की."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कशाला त्या ड्रायव्हरला दोष देऊ? सांगायला एक वाक्य लागतं. वेळ होता. मी म्हटलं, "तब्येतीला जप." तो म्हणाला, "हे सांगायचं होतं व्हय?" आणि चढला.

नगर नाक्यावर स्कूटी बाजूला घेऊन रडले. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

१० डिसेंबर, बुधवार

नवीन नळी चुकीच्या मापाची कापली. अशी चूक मी शिकाऊ असतानाही केली नव्हती.

१५ डिसेंबर, सोमवार

सांगितलं. तात्यासाहेबांना. व्हिडिओ दाखवला, वाफ दाखवली, सगळं सांगितलं. वाटलं, हाकलतील. बेंगळुरूचं काम जाईल, कंपनीचं नाव जाईल, गंगापूरला तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

ते म्हणाले, "मंग परत मोजू की! एवढंच व्हय?"

एवढंच! चोवीस दिवस जे माझ्या मानेवर बसलं होतं ते एवढंच! बेंगळुरूला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. मोजण्यात आमच्याकडून चूक झाली, दोन्ही पुन्हा पेटवतो, काय येईल ते कळवतो. तिकडचा पोरगा उलट खूश झाला. म्हणाला, अशी चूक स्वतःहून कुणी सांगत नाही सर.

फोन ठेवून मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं हे?"

मी तारीख सांगितली.

चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरगं गेलं की गं माझं." आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी उठले तशी म्हणाले, "त्याला मी नाय सांगणार. तू सांगायचं."

१६ डिसेंबर, मंगळवार

दम्मामला फोन केला. मागं यंत्रांची घरघर. त्याला आधी वाटलं घरी काही झालं. मी घाईघाईनं सगळं बोलून टाकलं, मध्ये थांबलेच नाही. थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

पहिला प्रश्न काय विचारावा त्यानं? "वाफ किती वेळ होती?" सांगितलं. तोंडातल्या तोंडात हिशोब करत राहिला. आवाजात काहीतरी फुललं एकदम — "म्हणजे गळत नव्हतं कुठं! ज्वाळेची तोटी बरोबर होती माझी!" मला हसूही आलं आणि रडूही. वाटलं, माफ केलं.

मग म्हणाला, "आज कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. म्हटलं, "नाही. तू दम्मामचं विचारायला आलास, त्याच्या आधी."

मग "हौ" म्हणाला. एवढंच. फोन बंद झाला.

२० डिसेंबर, शनिवार

काट्याला लांब वायर लावली आणि आकडा भिंतीआड आणला. आता वाफ सोडायच्या आधीच वजन वाचता येतं. वायर शेडमध्येच पडलेली होती. जोडायला दुपारसुद्धा लागली नाही.

अफजलचे व्हॉइस मेसेज येतायत. मला नाही, तात्यासाहेबांच्या फोनवर. इथेनॉलचं इंजिन कसं बसवायचं, कुठला नट किती आवळायचा, थरथर कमी करायला खाली रबर कुठलं घालायचं. "नंदिनीला सांगा, डाव्या बाजूनं आधी." "नंदिनीला सांगा, घाई नको." तात्यासाहेब फोन टेबलावर ठेवतात, आवाज मोठा करतात, मी नट आवळते. माझ्याशी तो बोलत नाही. पण इंजिन त्यानं माझ्याच हातात दिलं. त्याचं मी माझ्या इंजिनापेक्षा जपून बसवलंय. देवा, त्याचाच आकडा पुढं येऊ दे! मनापासून लिहितेय. हरले तर मोकळी होईन. बोलावून घेऊ त्याला, करार मोडू, काय लागेल ते करू.

२३ डिसेंबर, मंगळवार

दोन्ही पेटवली. दोन्ही टाकी संपेस्तोवर चालली. माझं दोनशे चोवीस. त्याचं दोनशे एकोणीस.

माझंच पुढं. तेव्हाही माझंच पुढं होतं!

अफजलला आकडे पाठवले. वाटलं, उघडणारही नाही. लगेच उत्तर आलं —

"दोनशे एकोणीस? माझं? म्हणजे हिशोबाला एकच कमी! मग मी इथं कशाला आलो गं?"